सूचना : रविवारची बैठक विज्ञानकथांची

वाचक मंडळी,
येत्या रविवारी सायंकाळी ७ वाजता वाचनालयात बैठक आहे. विषय : अलीकडच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. कापूस वेचणी सुरू आहे, ओलिताची वीजही रात्रीचीच. म्हणून तासाभरात आटोपू.

– प्रत्येकाने एकच पुस्तक सुचवायचे, तेही स्वतः वाचलेले. मोबाइलवर सारांश पाहून आलेला माणूस लगेच ओळखू येतो.
– शेवट सांगायचा नाही.
– नववी-दहावीच्या पोरापोरींना सोबत आणा.

माझ्याकडून दोन नावे. सामंथा हार्वी यांची ‘ऑर्बिटल’, २०२४चे बुकर मिळालेली. अंतराळस्थानकातल्या सहा जणांचा एक दिवस आणि त्यात सोळा सूर्योदय. घडत फारसे काही नाही, पण जागलीला गेल्यावर आभाळ पाहत बसणाऱ्यांना नक्की आवडेल. दुसरी, श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकेरा यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’. विज्ञानकथांचा नेब्युला पुरस्कार मिळालेली, जरा जड आहे. दोन्ही मुळात इंग्रजी. ज्यांना मराठीच हवे त्यांनी जयंत नारळीकर घ्यावेत. नवे नसले तरी चालतील.

नारळीकरांच्याच ‘यक्षांची देणगी’ची वाचनालयातली प्रत दिवाळीपासून परत आलेली नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी आणावी, दंड घेणार नाही.