‘संदर्भित करणे’ म्हणजे नेमके काय करणे?

संपादक महोदय,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकातील एका लेखात ‘ही आकडेवारी संदर्भित करणे आवश्यक आहे’ असे वाक्य होते. ३१ वर्षे मुद्रिते तपासूनही मला ते तीनदा वाचावे लागले. आकडे कुठून घेतले ते सांगा, असे लेखकाला म्हणायचे होते, की ते कोणत्या परिस्थितीतले आहेत ते सांगा? पहिले काम एका तळटीपेत होते. दुसऱ्यासाठी आधी काय घडले, कोणी मोजले, तुलना कशाशी, हे सगळे लिहावे लागते. पुढचा परिच्छेद वाचल्यावर कळले, हे दुसरेच अभिप्रेत होते. (आरोग्य खात्याच्या कागदांत तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवणे म्हणजेही ‘संदर्भित करणे’!)

मराठीने ही कामे केव्हाच वाटून दिली आहेत. संदर्भ देतो तो लिहिणारा, लावतो तो वाचणारा. जुन्या पत्राचे मधलेच पान हाती आले की आपण संदर्भ लावत बसतो, आणि एखाद्या नावाशी अडखळून एकदम उलगडा झाला की ‘आत्ता संदर्भ लागला’ म्हणतो. लावणे आणि लागणे! एका अक्षराच्या फेरात केवढा अनुभव आहे.

संस्कृतात ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे. संदर्भ ही मुळात गुंफण. ‘गीतगोविंदा’त जयदेव ‘संदर्भशुद्धी’ म्हणतो ती शब्दरचनेची. ज्या ‘contextualize’ या इंग्रजी क्रियापदासाठी त्या लेखातले ‘संदर्भित करणे’ वापरले गेले, त्याच्या मुळाशीही ‘एकत्र विणणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणूनच ‘संदर्भ तोडला’ हा शब्दप्रयोग मला इतका नेमका वाटतो. पुढारी मात्र सरसकट ‘विपर्यास’ म्हणतात. विपर्यासात अर्थ उलटा केला जातो. संदर्भ तोडणाऱ्याला एक अक्षरही बदलावे लागत नाही.

राहता राहिले, लिहिणाऱ्याने वाचकासाठी संदर्भ जुळवून देणे. त्यासाठी शाळेतला प्रश्न आठवावा: ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा.’ कोण, कोणाला, केव्हा, कशावरून म्हणाले, हे लिहिल्याशिवाय त्यात गुण मिळत नसत. त्या लेखात ‘ही आकडेवारी संदर्भासह मांडली पाहिजे’ एवढे पुरले असते.

यापुढे ‘संदर्भित’ दिसले की आपल्या संपादन विभागाने लेखकाला एकदा विचारावे, आधार द्यायचा आहे की पार्श्वभूमी सांगायची आहे, आणि मिळेल ते उत्तरच छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक