सेल्फ बदलण्याआधी

मिरज

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

किल्ली सोडली तरी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरतोय, किल्ली काढून हातात घेतली तरी थांबत नाही, हे तुझ्या तोंडून ऐकलं आणि काळजीच वाटली. बॅटरीची वायर काढलीस ते अगदी योग्य केलंस. आता गॅरेजवाला म्हणतोय म्हणून लगेच नवा सेल्फ घालू नकोस. करंट नेमका कुठे अडकून राहतोय ते आधी शोध. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

काम सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. गिअरमध्ये राहिली तर इंजिन बंद असतानाही सेल्फ एकटा गाडी पुढे ढकलतो. पोरांना अंगणात फिरकू देऊ नकोस. बॅटरी काढताना नेहमी निगेटिव्ह आधी.

सेल्फच्या अंगावरच्या सोलेनॉइडवर, म्हणजे त्याला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्वीचवर, एक जाड वायर येते, ती थेट बॅटरीची. दुसरी बारीक, 50 नंबरच्या टर्मिनलची. किल्ली फिरवली की रिलेमार्फत, म्हणजे मधल्या छोट्या स्वीचमार्फत, करंट हिच्यातून येतो. ही बारीक वायर सोडव, टोकाला टेप गुंडाळ आणि निगेटिव्ह जोडून बघ, पाना हातातच ठेवून. जोडताक्षणी सेल्फ फिरला तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, लगेच निगेटिव्ह काढ.

गप्प राहिला तर त्या सुट्या वायरला टेस्ट लॅम्प लाव, लॅम्पचं दुसरं टोक अर्थला. एकदा किल्ली स्टार्टपर्यंत नेऊन सोड. सोडल्यावरही दिवा जळतोय? मग रिले उपस. तरीही विझला नाही तर वायर कुठेतरी सोलून दुसऱ्या चालू वायरला लागलीय. विझला तर रिलेच्या खोबणीत 85 आणि 86, म्हणजे रिलेच्या कॉईलची टर्मिनलं, तपास. किल्ली सोडलेली असताना तिथे करंट आला तर इग्निशन स्वीच मागे फिरत नाहीये. आला नाही तर रिलेच चिकटलाय, आणि तो सेल्फच्या मानाने कितीतरी स्वस्त.

आणि लॅम्प वेळेवर विझतो, तरी सेल्फ चालूच राहतो, असं झालं तर? सोलेनॉइडमध्ये दोन कॉईल असतात, एक प्लंजर (कॉन्टॅक्ट जोडणारा आतला लोखंडी दांडा) ओढणारी, एक धरून ठेवणारी. किल्ली सोडली की मुख्य कॉन्टॅक्टवरून करंट उलटा येऊन दोन्हींतून जातो, त्यांचे जोर एकमेकांविरुद्ध पडतात आणि स्प्रिंग प्लंजरला मागे फेकते. एका कॉईलचे वेढे आतल्या आत शॉर्ट झाले की हा तोल बिघडतो आणि प्लंजर सुटत नाही. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून चांगले मिस्त्रीही इथे फसतात.

पण मला तुझ्या बॅटरीचाच संशय आहे. सकाळी नुसतं टकटक वाजतं असं तू दिवाळीपासून म्हणतोयस. बॅटरी कमी पडली की प्लंजर धरून राहत नाही, ओढतो-सोडतो, ओढतो-सोडतो. शेकडो अँपिअर तुटताना-जुळताना प्रत्येक टकीला आत ठिणगी पडते. असा सोलेनॉइड मी उघडतो तेव्हा बोल्टच्या तोंडाला काळे खड्डे असतात आणि कडेला वितळलेल्या तांब्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा. हातोडीने ठोकलं की सुटतं, म्हणून लोक समाधान मानतात. ती दुरुस्ती नव्हे. मीटर लाव. उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नकोत. इंजिनपासून चेसीला येणारी अर्थची पट्टी काढ, पॉलिश पेपरने घास, घट्ट आवळ. हे न करता नवा सेल्फ घातलास तर तोही असाच चिकटेल.

आवाज फक्त इंजिन चालू असताना येत असेल तर गोष्ट वेगळी. करंट बंद झालाय, पण बेंडिक्स (सेल्फचा पुढे सरकून इंजिनला जुळणारा भाग) फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमधून बाहेर येत नाहीये. शाफ्टवर गंज किंवा घट्ट झालेलं ग्रीस बघ. बेंडिक्सच्या पिनियनपेक्षा, म्हणजे छोट्या दातेरी चाकापेक्षा, रिंगचे दात साधारण बारा पट असतात. त्यामुळे 800 च्या आयडलला बेंडिक्सचं पिनियन साडेनऊ हजारांवर फिरतं. त्यातला क्लच जाम झाला तर आर्मेचरही (मोटरचा फिरता भाग) त्याच वेगाने ओढलं जातं आणि वाइंडिंग उधळतं. तेव्हा रेस अजिबात देऊ नकोस, इंजिन लगेच बंद कर.

परवा सेल्फ बराच वेळ फिरला, म्हणून तो उतरवलास तर ब्रश आणि आर्मेचर एकदा बघून घे. जळका वास येत असेल तर त्या मिस्त्रीचं खरं, नवाच लागेल. नाहीतर सोलेनॉइड वेगळा मिळतो, तेवढ्यात काम होतं.

रविवारी मी येतो, क्लॅम्प मीटर घेऊन. तोवर रात्री निगेटिव्ह काढूनच ठेवत जा आणि मालाची खेप दुसऱ्या गाडीने पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विलास