जिन्याखालची सायकल आम्हाला द्या

नमस्कार मंडळी,

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या मागे किंवा जिन्याखाली एक सायकल उभी असणार. दोन्ही चाकांत हवा नाही, सीटवर बोटभर धूळ, कॅरिअरवर कुणीतरी पायपुसणं वाळत घातलेलं. मुलगा दहावीत असताना घेतलेली. तो आता बंगळुरूला आहे आणि सायकल इथेच. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो, म्हणून द्यायला जीव होत नाही. ती आम्हाला द्या. मात्र या वेळी नुसती सायकल मागून भागणार नाही. जागा हवी आहे आणि पैसेही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही म्हणजे पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी जमणारी पंधरा-वीस माणसं. त्यात एक निवृत्त टर्नर आहेत, दोन शिक्षिका आहेत, कॉलेजची पोरं आहेत आणि एक दाताच्या डॉक्टर आहेत. चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना त्यांच्याइतका हलका हात आमच्यात कुणाचा नाही. लोकांनी दिलेल्या सायकली आम्ही खोलतो, धुतो, छर्रे बदलतो, ग्रीस भरतो आणि ज्याला गरज आहे त्याला देतो. पण देण्याआधी एक अट असते. घेणाऱ्याने एक रविवार आमच्याबरोबर बसून स्वतःच्या हाताने एक पंक्चर काढायचं. ओसरीवर पाटी आहे : ‘दुरुस्ती फुकट आहे. घाई असल्यास दुकानात जावे.’

ही अट आम्हाला ठेच लागून सुचली. सुरुवातीला आम्ही नुसत्या सायकली वाटायचो. भोरच्या पुढे एका हायस्कुलात काही मुलींना दिल्या, फोटोबिटो काढले, पेढे खाल्ले. सहा महिन्यांनी सहज डोकावलो तर निम्म्या सायकली घरी भिंतीला टेकलेल्या. कुणाचं पंक्चर, कुणाच्या ब्रेकचं रबर झिजलेलं, एकीची तर नुसती चेन पडलेली. पंक्चरचं सगळ्यात जवळचं दुकान नऊ किलोमीटरवर. नववीतली एक मुलगी म्हणाली, “काका, तिला काय झालंय तेच कळंना, मग भीती वाटते.” ती परत चार किलोमीटर चालत शाळेत येत होती. पेढ्यांची आठवण होऊन आम्हाला लाज वाटली, हे खरं.

सायकल दिल्याने काय होतं याबद्दल मात्र शंका नाही. बिहारने 2006 साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. अर्थतज्ज्ञांनी तिचा नीट अभ्यास केला, तेव्हा त्या वयाच्या मुलामुलींच्या शाळेत असण्यातली तफावत 40 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून 23 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्याहून आधी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचं वारं सुटलं आणि लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. खडीच्या खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका. म्हणजे सायकल हवी, शिकवणाराही हवा. आमची भर एवढीच, की ती बिघडली की उघडणारा हातसुद्धा घरातलाच हवा.

तो हात कसा तयार होतो ते एकदा येऊन बघा. घमेल्यात पाणी, शेजारी पान्हे, कानस, सोल्युशनची ट्यूब. पोरगी फुगवलेली ट्यूब पाण्यात दाबत दाबत फिरवते आणि एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. तिथे बॉलपेनने फुली मारायची, पुसून कोरडं करायचं, कानशीने घासायचं, सोल्युशन लावायचं. आणि मग थांबायचं. इथेच सगळे चुकतात. सोल्युशन ओलं असतानाच पॅच चिकटवला की संध्याकाळी पुन्हा हवा गेलीच म्हणून समजा. थांबलेल्या त्या दोन-तीन मिनिटांत टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण बाभळीचा काटा बहुधा तिथेच बसलेला असतो. हे शहाणपण आमच्या टर्नरकाकांचं. दुसरं त्यांचं आवडतं, डाव्या पायडलचं. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. हे माहीत नसल्यामुळे किती क्रँकांचे, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्यांचे, आटे गेलेत याचा हिशोब ते तोंडपाठ सांगतात आणि दर वेळी आकडा थोडा वाढतो.

चाक हा पुढचा धडा. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 तारा असतात, मागच्या चाकाला 40. माणसाचं आणि दुधाच्या कॅनचं वजन मागे, म्हणून तारा मागे जास्त. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते बघायचं, त्या बाजूची तार पाव वळसा सैल, समोरची पाव वळसा घट्ट. अर्धा वळसा दिलात तर चाकाचं पापड होतं. सातवीतली मुलंही हे दोन रविवारांत शिकतात.

मोठ्या माणसांना, विशेषतः बायकांना, सायकल शिकवण्याचा वर्ग वेगळा, शनिवारी पहाटे मैदानावर. लहानपणी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्यांना सगळ्यांनीच तसं शिकावं असं वाटतं. गुडघे फोडून घेण्याची हौस असेल तर जरूर. आम्ही दोन्ही पायडल काढून टाकतो, सीट एवढी खाली घेतो की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत, आणि मैदानाच्या उतारावर नुसतं पायांनी ढकलत यायला सांगतो. पाय आपोआप उचलले जायला लागले की तोल आला. मग पायडल लावायची. यात आमचं डोकं काही नाही. 1817 साली जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइस याने जी पहिली दुचाकी चालवली, तिला पायडल नव्हतीच. लोक अशीच पायांनी जमीन रेटत जायचे. साठीला आलेल्या एका काकू तिसऱ्या शनिवारी पाय उचलून अख्खा उतार आल्या आणि खाली पोचल्यावर म्हणाल्या, “आता घरी सांगू नका, मी स्वतः चालवत जाऊन दाखवते.”

आता आमच्या खटपटींविषयी, म्हणजे सायकलीत फेरफार करण्याविषयी. हा विषय निघाला की आमची रविवारची न्याहारी दुपारी होते. आपल्याकडे याची परंपरा मोठी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल घेऊन त्याला पास, म्हणजे तण कापणारं पातं, जोडली आणि एका माणसाने ढकलायचं कोळपं केलं. बैलजोडी परवडत नाही अशा शेतकऱ्याचं काम त्याने झालं. आज सायकल कोळपं कुठल्याही तालुक्याच्या गावात लोहाराकडे करून मिळतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायडल रिक्षा ओढणाऱ्याचे हाल बघून तिला गिअर दिले, पुढे बॅटरीवरच्या मोटारीची जोड दिली. ई-रिक्षा रस्तोरस्ती दिसायला लागल्या त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आमची उडी लहान. मंडईतून फुलं नेऊन विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, करंड्या हँडलला लटकवल्या की वळता येत नाही, कॅरिअरवर ठेवल्या की पुढचं चाक उचलतं. मग आम्ही दोन मोडक्या सायकलींची एक लांब सायकल केली. मागचं चाक वीतभर नव्हे, चांगलं दोन वीत मागे नेलं, म्हणजे ओझं दोन चाकांच्या मध्ये येतं. पहिल्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर चेन पडली, तीही तीनदा. लांब चेन मधे लोंबते हे आम्हा शहाण्यांच्या लक्षात आलं नव्हतं. जुन्या गिअरच्या सायकलीचा छोटा रोलर बसवला, चेन राहिली. पंधरा दिवसांनी वेल्डिंगच्या शेजारी नळीला तडा गेला, कारण पातळ नळीला आम्ही जाड रॉडने ठोकून वेल्डिंग केलं होतं. सुदैवाने तेव्हा करंड्या रिकाम्या होत्या. आता ती नळी आतून तुकडा घालून पक्की केली आहे आणि पुढच्या चाकाला ॲल्युमिनियमची रिम लावली आहे, कारण पावसात स्टीलच्या गुळगुळीत रिमवर ब्रेक नावापुरताच लागतो. मावशी रोज ती चालवतात. नवीन मालवाहू सायकल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात पडलं, पण वेल्डिंग दर वेळी बाहेरून करून घ्यावं लागतं आणि तिथे आमचं ‘अजून एकदा करून बघू’ कुणी ऐकून घेत नाही.

तिसरं काम टेप घेऊन रस्ते मोजण्याचं. पुणं सायकलींचं शहर होतं, हे ऐकून ऐकून पोरं कंटाळली आहेत. त्यापेक्षा त्यांना मोजायला लावलेलं बरं. शहराचा सायकल आराखडा 2017 च्या डिसेंबरात मंजूर झाला. त्याच सुमाराला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. आमची पोरं सायकल ट्रॅकवरून चालत जातात आणि वहीत लिहितात : रुंदी किती, झाकण किती वर आलंय, वडापावची गाडी कुठे, दुचाक्या कुठे लावल्यात, ट्रॅक कुठल्या विजेच्या डीपीपाशी संपतो. एका ट्रॅकची वही वाचली तर ती सायकलींची वही वाटतच नाही, अडथळ्यांच्या शर्यतीची वाटते. या वह्यांचा उपयोग होतो. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. ‘सायकल ट्रॅक सुधारा’ असं लिहिलं तर काही होत नाही. ‘अमुक दुकानासमोर चार मीटरवर उंचवटा, उतार करावा’ असं लिहिलं तर निदान कुणीतरी जागेवर येऊन बघतं. एक उतार झालासुद्धा. एकच, पण त्यावरून आता शाळेची मुलं न उतरता जातात.

आता मुद्द्याचं. वाडा पुनर्विकासाला चालला आहे. मालकांनी इतकी वर्षं भाडं न घेता ओसरी दिली, पाणी दिलं, वर चहा पाजला. त्यांच्याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. दिवाळीपर्यंत ओसरी रिकामी करायची आहे. शेजारच्या गल्लीत एक शटरचा गाळा बघून ठेवलाय. अनामत एक लाख, भाडं महिना आठ हजार, म्हणजे अकरा महिन्यांचे 88,000. वेल्डिंग मशीन आणि त्याची सामग्री 22,000. एकूण 2,10,000 रुपये. आमच्या आमच्यात 61,500 जमले आहेत. उरलेल्या 1,48,500 साठी तुमच्याकडे हात पसरतो आहोत. शंभर रुपयेही चालतील. शंभर रुपयांत आमचे सोल्युशन आणि पॅच बरेच रविवार पुरतात. आयकरात सवलत मिळेल अशी सोय आमच्याकडे अजून नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र मिळेल आणि हिशोबाची वही कुणीही, कधीही चाळावी.

पैसे नसतील तर रविवारची सकाळ द्या. हाताला काळं लागायची तयारी असली की पुरे, बाकी शिकवू. कुणाकडे जुनी हत्यारं पडून असतील, बंद पडलेल्या गॅरेजमधली किंवा आजोबांच्या पेटीतली, तर ती हवीत. पान्हे गंजले असले तरी हरकत नाही. वेल्डिंग जाणणारं कुणी महिन्यातून एकदा आलं तर त्यांची चहाबिस्किटाची सोय आमच्याकडे लागली. मुलींच्या शाळेत वर्ग घ्यायचा असेल तर मुख्याध्यापकांना आमच्याकडे पाठवा. आम्ही घमेल्यासकट येतो.

आणि सायकली. मोठ्या, लहान, दांडीच्या, बिनदांडीच्या, गिअरच्या, चिमटा वाकलेल्या, सगळ्या चालतील. जी रस्त्यावर येणार नाही तिचे भाग दुसरीला लागतात. फक्त लहान मुलांच्या प्लास्टिकच्या चाकांच्या आणू नका, त्यांचं काही होत नाही. रविवारी सकाळी आठ ते बारा ओसरीवर आणून द्या. आणता येत नसेल तर सोसायटीत चार-पाच जमवा, आम्ही टेम्पो घेऊन येऊ. किल्ली हरवलेली असली तरी चालेल, कुलूप कापायला कटर आहे. मात्र कापण्याआधी सायकल तुमचीच आहे एवढं एका कागदावर लिहून द्यावं लागेल. मागे एक गृहस्थ मोठ्या मनाने शेजाऱ्याची सायकल दान करून गेले होते.

आपले,
रविवारच्या सायकल वर्गाचे कार्यकर्ते, पुणे