फ्लॉप्यांवरच्या फाइलींची नावे बदलू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधल्या जुन्या मराठी संस्थांच्या स्मरणिका, इतिवृत्ते आणि प्रबंध संगणकावर आणण्याच्या कामाविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. हे काम व्हायलाच हवे होते, आणि तरुण मुलेमुली ते हौसेने करताहेत याचा आनंद वाटतो. पण लेखातली एक गोष्ट वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे. जुन्या फ्लॉप्यांवरच्या फाइलींची नावे अर्धवट आणि निरर्थक असल्यामुळे स्वयंसेवक त्या उघडून आतला मजकूर पाहतात आणि प्रत्येकीला वाचता येईल असे पूर्ण नाव देतात, असे त्यात म्हटले आहे. माझी हात जोडून विनंती आहे की असे करू नये. ती नावे निरर्थक नाहीत. ती तशी का पडली, हे ती पाडणाऱ्यांपैकी एक म्हणून मला सांगता येईल.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी इथल्याच एका शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. केंद्रात युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारे एकच यंत्र आणि त्याला जोडलेली मोजकी टर्मिनल्स. विभागांमध्ये मात्र डॉस या दुसऱ्या कार्यप्रणालीचे पीसी. प्रबंध, शोधनिबंध, प्रश्नपत्रिका यांची अक्षरजुळणी युनिक्सवर व्हायची. गणित आणि भौतिकीची मंडळी त्यासाठी टेक आणि लाटेक हे प्रोग्रॅम वापरत, बाकीचे ग्रॉफ. प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की टर्मिनलपुढे रांग लागे, आणि "ताई, हे आमच्या विभागातल्या पीसीवर चालवून द्या ना," अशी मागणी सगळीकडून येई. ते सॉफ्टवेअर डॉसवर आणून बसवणे हे माझ्याकडे आलेले काम होते.

त्यासाठी लागणारी हत्यारे चांगली होती. डीजे डेलोरी यांनी ग्नू प्रकल्पाचा सी कंपाइलर (सी भाषेतला प्रोग्रॅम यंत्रावर चालेल अशा रूपात आणणारा) डॉसखाली ३८६ प्रोसेसरवर चालता केला होता, त्यामुळे डॉसची ६४० केबी मेमरीची मर्यादा आड येत नसे. जर्मनीतल्या एबरहार्ड माटेस यांनी तर एमटेक नावाचा टेकचा अख्खा संचच डॉससाठी तयार करून फुकट दिला होता. खरा वेळ जायचा तो नावांपायी.

डॉसच्या डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या यादीत, एका फाइलीच्या नोंदीला ३२ बाइट मिळतात. त्यांतले ११ नावासाठी: आठ मूळ नावाला आणि तीन टिंबानंतरच्या भागाला, म्हणजे शेपटीला. टिंब साठवलेच जात नाही, म्हणून नावात दुसरे टिंब येऊ शकत नाही. लहान आणि मोठी रोमन अक्षरे एकच मानली जातात. युनिक्सवर पूर्वी १४ अक्षरे चालत आणि बर्कले विद्यापीठाच्या १९८३ च्या आवृत्तीपासून २५५. तिथे लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नावे ऐसपैस असायची आणि ती सगळी या अकरा घरांत बसवायची होती.

नाव लांब झाले तर डॉस तक्रार करत नाही, नवव्या अक्षरापासून पुढचे मुकाट्याने कापून टाकते. लाटेकची 'लाँगटेबल' ही फाइल रोमन लिपीत नऊ अक्षरांची आहे. डॉसवर तिचे शेवटचे अक्षर गळते, पण मागणाऱ्या प्रोग्रॅमचे नऊ अक्षरांचे नावही तसेच कापले जात असल्याने दोघांची गाठ पडते. इथपर्यंत निभावते. आता मराठी प्रबंधाची परिशिष्टे घ्या. रोमन लिपीत 'परिशिष्ट' लिहायला गेले की 'ष्ट' पुरा होण्याआधीच आठ अक्षरे संपतात, पुढचा एक, दोन, तीन हा आकडा डॉसपर्यंत पोचतच नाही. सगळी परिशिष्टे त्याच्या लेखी एकाच नावाची. दुसरे कॉपी केले की पहिले पुसले जाई, आणि त्या काळातला डॉस विचारतही नसे. होळकरांच्या काळातल्या महसुलावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पहिले परिशिष्ट असेच गेले होते. युनिक्सवर मूळ प्रत शिल्लक होती म्हणून तिचे कष्ट वाचले. तेव्हापासून आम्ही 'परि०१', 'परि०२' अशी नावे ठरवून दिली आणि आकडा आठाच्या आत आणला.

आता मुद्द्याचे. टेकमध्ये ग्रंथाची एक मुख्य फाइल असते आणि ती 'इनपुट' या आज्ञेने बाकीची प्रकरणे नावानिशी ओढून घेते. म्हणजे 'परि०१' हे नाव दुसऱ्या फाइलीच्या मजकुरात लिहिलेले आहे. स्वयंसेवकाने त्या फाइलीला 'पहिले परिशिष्ट, महसुली तक्ते' असे छान नाव दिले की मुख्य फाइलीला ती सापडणार नाही आणि ग्रंथ जुळणार नाही. चित्रे, संदर्भसूची, मॅक्रो (वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे संच), फॉन्ट यांचेही तसेच. पोथीची सुटी पाने नीट लावायला घ्यावीत आणि पृष्ठांक वाचवत नाहीत म्हणून तेच खोडावेत, तसे हे होईल.

फोल्डरचीही हीच गोष्ट आहे, आणि ती लेखात कुठेच आलेली नाही. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापणाऱ्या, लेझर प्रिंटरसाठी केलेल्या फॉन्टचे युनिक्सवरचे नाव 'सीएमआर१० टिंब ३००पीके' असे असे. टिंबानंतर पाच अक्षरे, डॉसला चालतात तीन. म्हणून ३०० हा आकडा फाइलीच्या नावातून काढून फोल्डरच्या नावात नेला: 'डीपीआय३००' या फोल्डरात 'सीएमआर१० टिंब पीके'. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या फॉन्टसाठी वेगळा फोल्डर, पण आतल्या फाइलींची नावे तीच. सोय म्हणून कोणी हे सगळे एकाच फोल्डरात ओतले, तर एक संच दुसऱ्यावर लिहिला जाईल.

आणि जी नावे अगदी कचरा वाटतात, ती बहुधा सर्वांत विचारपूर्वक ठेवलेली असतात. 'पीटीएमआर८आर' हे नाव पाहून कोणालाही वाटेल की कोणीतरी कीबोर्डवर बोटे आपटली आहेत. पण त्यातला 'पी' म्हणजे अडोबी, 'टीएम' म्हणजे टाइम्स, मधला 'आर' म्हणजे साधा जाडपणा आणि '८आर' म्हणजे अक्षरांची संकेतरचना. कार्ल बेरी यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली, ती जगभरच्या फॉन्टांना आठ अक्षरांत ओळखता यावे म्हणूनच. इतक्या कमी जागेत इतकी माहिती बसवणाऱ्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो.

ग्रॉफची अडचण उलट्या बाजूने होती. त्याच्या मॅक्रोंच्या फाइलींना आधी 'टीमॅक' आणि टिंबानंतर ओळखीचे नाव असे. ज्या भागाने एक फाइल दुसरीहून वेगळी कळायची, नेमक्या त्याच भागाला डॉसमध्ये तीन अक्षरे. 'टीमॅक टिंब पीएसपिक' याचे 'टीमॅक टिंब पीएसपी' होई. असे प्रत्येक कापलेले नाव आम्ही तक्त्यात लिहून ठेवत होतो: डावीकडे युनिक्सचे, उजवीकडे डॉसचे, आणि शेवटी ते नाव कोणकोणत्या फाइलींत लिहिलेले आहे ते.

काही नावे तर डॉसवर ठेवताच येत नाहीत. 'कॉन', 'ऑक्स', 'पीआरएन', 'नल' ही उपकरणांची नावे आहेत. त्यांना कोणतीही शेपटी लावा, डॉस उपकरणच समजते. रसायनशास्त्राच्या एका मुलाने कंडक्टिव्हिटीवरच्या प्रकरणाचे नाव 'कॉन टिंब टेक्स' ठेवायचे ठरवले होते. टेकने ती फाइल मागितली की डॉस त्याला कीबोर्ड जोडून देई आणि यंत्र कोणी काही टंकेल याची वाट पाहत बसे. "दीदी, मशीन हँग झालंय," म्हणत तो धावत आला होता. त्या नावाचे 'कॉनडी' केले आणि प्रश्न मिटला. आज ती फ्लॉपी कोणाच्या हाती लागली, तर त्याला 'कॉनडी' म्हणजे काय हे कळणार नाही. न कळू दे. नाव तेवढे तसेच राहू दे.

या कामात माझ्यापुढे आदर्श होता तो डोनाल्ड नूथ यांनी घालून दिलेल्या शिस्तीचा. टेकचा मूळ प्रोग्रॅम त्यांनी असा लिहिला की तो दुसऱ्या यंत्रणेवर नेणाऱ्याने मूळ फाइलीला हात लावायचाच नाही. आपल्या यंत्रणेसाठी लागणारे बदल वेगळ्या फाइलीत लिहायचे: मूळच्या या ओळींच्या जागी या ओळी. कंपाइल करण्याआधी दोन्ही जोडल्या जातात. कोणी काय बदलले हे त्यामुळे कायम वेगळे दिसत राहते. फाइलीच्या नावाचे जागा, नाव आणि शेपटी असे तीन तुकडे करणारा भागही त्यांनी वेगळा ठेवला, कारण प्रत्येक यंत्रणेवर तो बदलावा लागणार हे त्यांना ठाऊक होते. शिवाय 'ट्रिप' नावाची कठीण चाचणी दिली; ती उतरल्याशिवाय आपल्या प्रोग्रॅमला टेक म्हणायचे नाही. आमच्या स्वयंसेवकांनी यातले पहिले तेवढे उचलावे. मूळ फाइल जशी आहे तशी, आणि समजलेला अर्थ शेजारी तक्त्यात. त्या तक्त्यात हवी तेवढी लांब, सुंदर मराठी नावे लिहा.

१९९५ नंतरच्या फ्लॉप्यांबाबत आणखी जपायला हवे. विंडोज ९५ मध्ये लांब नावे आली, पण प्रत्येक लांब नावामागे जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक आखूड नावही राहिले: पहिली सहा अक्षरे, मग नागमोडी चिन्ह आणि एक आकडा. हा आकडा फाइली ज्या क्रमाने त्या फोल्डरात येतात त्या क्रमाने पडतो. दुसऱ्या जागी वेगळ्या क्रमाने कॉपी केल्या तर एकचा दोन आणि दोनचा एक होऊ शकतो. जुना प्रोग्रॅम मग चूक न दाखवता दुसरीच फाइल उघडतो. (टेकमध्ये तर ते नागमोडी चिन्ह न तुटणाऱ्या जागेसाठी राखीव आहे, त्यामुळे असे नाव 'इनपुट'ला सरळ देता येत नाही.)

म्हणून एकेक फाइल कॉपी करत बसण्याआधी पूर्ण फ्लॉपीची इमेज घ्यावी, म्हणजे तिच्यावरचा प्रत्येक बाइट, डिरेक्टरीच्या नोंदी आणि तारखांसकट, एका फाइलीत उतरतो. १.४४ एमबीच्या अशा वीस हजारांहून जास्त फ्लॉप्या ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावतात, तेव्हा जागेचे कारण उरत नाही. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी लिहिणे बंद करावे: साडेतीन इंचीची खिडकी सरकवून उघडी ठेवावी, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी. वरच्या लेबलाचा फोटो घ्यावा, कारण नावांचा खुलासा पुष्कळदा तिथेच पेनाने लिहिलेला असतो.

मराठी मजकुराविषयी एक महत्त्वाचे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स फेल्थाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरी फॉन्ट आणि 'देवनाग' हा प्रोग्रॅम केला. त्यात मराठी रोमन अक्षरांत टंकायचे, 'देवनाग' त्याची टेक फाइल करून देई. ज्या फाइलींची शेपटी 'डीएन' आहे त्या या. उघडल्यावर इंग्रजी कचरा दिसतो, म्हणून त्या वगळल्या जातील अशी मला भीती आहे. खरे तर वाचवायला सर्वांत सोप्या त्याच आहेत, कारण त्यांतली संकेतपद्धती लेखी उपलब्ध आहे आणि त्यांचे युनिकोड, म्हणजे आजच्या संगणकांवर वाचता येणारी देवनागरी, करता येते. फक्त अक्षरे लहान-मोठी करू नयेत: लहान 'एल' म्हणजे ल आणि मोठा 'एल' म्हणजे ळ. कोणी सगळे सरसकट लहान केले तर मल्हाररावांच्या होळकरांचे होलकर होतील आणि मूळ काय होते हे कळायला मार्ग राहणार नाही.

आमच्या वेळचा नावांचा तक्ता माझ्याकडे कागदावर जपलेला आहे. हे काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेला त्याची प्रत द्यायला आणि 'डीएन' फाइली वाचायला शिकवायला मी तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता ठेवला आहे. ज्या घरांत आईवडिलांच्या प्रबंधाच्या किंवा मंडळाच्या स्मरणिकेच्या फ्लॉप्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत देण्याआधी या संस्थांना विचारावे, आणि पूर्वीच्या कॉपीत नावे बदलून झाली असतील तर मूळ फ्लॉप्या अजून फेकू नयेत.

आपली नम्र,
एक निवृत्त संगणक कर्मचारी
रामबाग, इंदूर