ज्ञान पोस्टला बोटीत जागा द्या

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मी पोस्टाच्या खिडकीवर पुस्तकांचं एक खोकं घेऊन गेले होते. माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला असते. रविवारी सकाळी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दहा-बारा मुलांना मराठी शिकवतात. त्यांच्यासाठी अंकलिपीच्या वीस प्रती, बालकवितांची नि गोष्टींची पुस्तकं आणि एक जाडजूड शब्दकोश असं मी बांधलं होतं. वरून खाकी कागद, सुतळी, चारी बाजूंनी गाठी. काट्यावर साडेआठ किलो भरलं. खिडकीतल्या बाईंनी विमानाचा दर सांगितला आणि माझा चेहरा बघून त्याच हळूच म्हणाल्या, "मावशी, थोडं कमी करता का?" पुस्तकांच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होत होता. बोटीने जाईल का, असं मी विचारलं. "बोटीचं आता कोणी विचारतच नाही हो," त्या म्हणाल्या.

मग तिथल्याच बाकावर बसून सुतळी सोडली. शब्दकोश सगळ्यांत जड, तो आधी बाहेर काढला. मग गोष्टींची पुस्तकं. शेवटी अंकलिप्या आणि कवितांची दोन पातळ पुस्तकं तेवढी गेली. एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. मुलांच्या हाती जायचा शब्दकोश वजनापायी परत घरी आणावा लागला, याची रुखरुख अजून गेलेली नाही.

आपल्या खात्याने १ मे २०२५ रोजी 'ज्ञान पोस्ट' ही देशातल्या देशात पुस्तकं स्वस्तात पाठवायची सोय सुरू केली. तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोला शंभर, कर वेगळा. माझ्यासारखीला याचं मोल किती आहे, ते मी सांगायला नको. तिच्या आधी डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली, तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले होते; त्यांचं ऐकलं गेलं असं वाटलं. नियतकालिकं तिच्यात बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक बाहेरच राहतात, ही खंत आहेच. पण तिचं मूळ तत्त्व मला पूर्ण पटतं: पुस्तकाला घाई नसते, ते जमिनीवरून सावकाश जाऊ द्यावं आणि दर उतरवावा. माझी मागणी एवढीच आहे की हे तत्त्व किनाऱ्याशी थांबू नये. परदेशी जाणाऱ्या पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट समुद्रमार्गे सुरू करावी.

यात नवीन असं काही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन तिथून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. कोळसा इतका भरला होता की माणसांना जागा उरली नाही, आणि तरी एडन येईपर्यंत तो संपत आला होता. खर्च बघून ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनचे संचालक नाराज झाले. मुंबई सरकारने नेट सोडला नाही. पुढे १८६८ पासून पी अँड ओ या इंग्रजी जहाज कंपनीची डाकबोट मुंबईला दर आठवड्याला येऊ लागली. टपाल छाटणारे कारकून बोटीवरच असत. थैल्या उघडून गावोगावची पत्रं ते समुद्रातच वेगळी करत, म्हणजे बोट लागली की टपाल थेट गाडीत चढवता येई.

तिकिटांच्या पैशांतून बोटीचा खर्च निघेल, असं तेव्हाही कुणी धरून चाललं नव्हतं. सरकार कंपनीशी काही वर्षांचा करार करी, वर्षाला ठरावीक रक्कम देई, वेळापत्रक बांधून देई आणि उशीर झाला तर दंड कापून घेई. त्या रकमेतला मोठा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात असे. त्याच बोटींच्या डेकवर आमच्या रत्नागिरीचे खलाशी राबत आणि जेवणघरात गोव्याची माणसं वाढत. म्हणजे साहेबाची पत्रं वेळेवर पोचावीत म्हणून या देशाने पैसाही दिला आणि घामही गाळला. आता स्वतःच्या मुलांच्या अंकलिपीसाठी तो मार्ग आपण का वापरू नये?

आणि आज तर अख्खी बोट लागतही नाही. मुंबईचं परदेश टपाल कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे, गोदीला लागून. खाडीपलीकडे न्हावाशेवा. तिथून जगभर कंटेनर जातात. आपल्याला फक्त त्यांत जागा विकत घ्यायची आहे. जागतिक टपाल संघाच्या नियमांत एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील मजकुराच्या थैलीची सोय आहे, तीस किलोपर्यंत. तिला 'एम बॅग' म्हणतात. एका मराठी शाळेला वर्षाला अशी एक थैली पुष्कळ झाली.

सुरुवात मॉरिशसपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, बेट आहे म्हणजे बंदर आहेच, आणि वाटेत तांबडा समुद्र लागत नाही. इंग्लंडचं तसं नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून कित्येक बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात, दिवस वाढतात. वाढू देत. तीन महिन्यांनी पोचलेला शब्दकोश तितकाच उपयोगी असतो.

एकट्या मराठीच्या जोरावर कंटेनर भरणार नाही, हे मला कळतं. पण गुजराती, तमिळ, पंजाबी पुस्तकांचीही हीच अडचण असणार. सगळ्यांचं मिळून महिन्याला एकदा टपाल निघावं. कुठल्या देशासाठी शेवटची तारीख कोणती, हे प्रत्येक मुख्य टपाल कार्यालयात फळ्यावर लिहिलेलं असावं, म्हणजे खिडकीवरच्या बाईंनाही ठामपणे सांगता येईल. दरातली तूट आपल्या खात्याने एकट्याने सोसावी, असंही माझं म्हणणं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला; त्यासाठी जो निधी खर्च होईल त्यातला थोडा या थैल्यांवर खर्च करावा आणि राज्याच्या मराठी भाषा विभागालाही वाटा उचलायला सांगावं.

माझं खोकं पुन्हा बांधून ठेवलंय. शब्दकोश तळाला आहे, त्यावर गोष्टींची पुस्तकं, आणि लीड्सचा पत्ता मोठ्या अक्षरांत वर चिकटवलाय. पहिलं टपाल कधी निघेल, तेवढी तारीख कळवावी.

आपली नम्र,
रत्नागिरीची एक निवृत्त शिक्षिका