त्यांनी पेशीत शोधलं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत त्या ज्येष्ठ पेशीशास्त्रज्ञांवर अर्धं पान लेख आला, याचा आनंदच वाटला. पण शोधनिबंध किती, सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती, एवढंच त्यात आहे. बाईंनी पेशीत नेमकं काय शोधून काढलं, हे सांगणारं एकही वाक्य मला सापडलं नाही. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. ज्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी निदान ४० संदर्भ मिळाले, त्याचा एच-इंडेक्स ४०. निबंध खरा ठरला की खोटा, हे त्यात येत नाही. रात्ररात्र सूक्ष्मदर्शकाशी बसलेली पहिली लेखिका आणि यादीतला दहावा लेखक यांच्या खात्यात तो निबंध सारखाच जमा होतो. शिवाय संदर्भ मोजणाऱ्या याद्यांपैकी आकडा गूगल स्कॉलरचा की वेब ऑफ सायन्सचा, हेही आपण छापलं नाही. एकाच व्यक्तीचे दोन्हीकडचे आकडे वेगळे असतात.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. आमच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशी म्हणून एक सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेला पेशींचा वाण, आणली होती. निष्कर्ष काही केल्या जुळेनात. एका तरुण सहकारी मुलीने चिकाटीने डीएनए तपासणी केली, तेव्हा त्या हेला पेशी निघाल्या. म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींचे वंशज! अशी भेसळ नवी नाही. स्टॅन्ले गार्टलर या जनुकशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच तिच्याकडे लक्ष वेधलं होतं. तरीही त्याच पेशींवर 'आतड्याचे' निष्कर्ष काढणारे निबंध येत होते.

आम्ही ही चूक दाखवणारा छोटा निबंध एका नावाजलेल्या जर्नलला पाठवला. 'यात नवीन काही नाही' असं उत्तर आलं. शेवटी तो एका लहान जर्नलमध्ये छापून आला आणि कुणाच्या फारसा नजरेस पडला नाही. ज्या निबंधातल्या पेशीच चुकीच्या होत्या, त्याचा मात्र आजही संदर्भ दिला जातो आणि प्रत्येक संदर्भागणिक त्याच्या लेखकांच्या सायटेशन्सचा आकडा वाढतो. पुढे ती मुलगी मुलाखतीला गेली. निवड समितीच्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर (एखाद्या जर्नलमधल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात, तो आकडा) आणि सायटेशन्स यांचे रकाने होते. दुसऱ्यांची वर्षं आणि पैसा वाया जाण्यापासून वाचवण्याचा रकाना नव्हता. तिची निवड झाली नाही. याचा राग मला आजही येतो, आणि कालचा लेख वाचून तो पुन्हा उफाळून आला.

पेशीशास्त्रज्ञांना हे कळत नाही असं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अधिवेशनातच संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याविषयीच्या 'डोरा' जाहीरनाम्याची सुरुवात झाली. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची योग्यता ठरवू नका, असं तो स्पष्ट सांगतो. पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, या ज्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, त्यातला यीस्टच्या उत्परिवर्तित वाणांवरचा महत्त्वाचा निबंध १९९३ साली 'फेब्स लेटर्स' या, फार मोठा इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलमध्ये आला होता. इम्पॅक्ट फॅक्टर पाहणाऱ्यांनी तो उघडलाही नसता. उलट २०१४ च्या मोजदादीत सर्वांत जास्त, म्हणजे तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळालेला निबंध होता लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनं मोजण्याच्या रीतीवरचा. रीत अत्यंत उपयोगी, प्रश्नच नाही. पण त्या आकड्यावरून लाउरींना डार्विनच्या वर बसवायचं का?

आपल्या वार्ताहरांनी बाईंना एकच प्रश्न विचारायला हवा होता: तुमच्या कामाआधी पेशीबद्दल काय ठाऊक नव्हतं, आणि आता काय ठाऊक आहे? त्या उत्तराला अर्धं पान खुशाल द्या.

आणखी एक. लेखासोबत छापलेलं चित्र वनस्पतीपेशीचं आहे. जाड पेशीभित्तिका आणि हिरवी हरितलवकं त्यात स्पष्ट दिसतात. बाई आयुष्यभर प्राणिपेशींवर काम करत आल्या आहेत. शाळेतली मुलंही ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात, तेव्हा कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त संशोधक