शेजारच्या मास्तरांना उघडं पत्र

आदरणीय मास्तर,
सा. न. वि. वि.

चारचौघांत लिहितेय, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषयच बदलता.

बेळगावात पोरांच्या पायात स्केट्स ही काही नवलाई नाही. पण बहुतेक सगळी स्पीडची, म्हणजे शर्यतीची. आमच्या पोरीनं स्पीड सोडून आर्टिस्टिक, म्हणजे गिरक्या-उड्यांचं स्केटिंग, धरते म्हटल्यावर घरात एकच सूर: हा कसला खेळ, नाच तो! "गिरक्या घेऊन पोट भरतंय होय?" इति सासूबाई.

तुम्ही वाद घातला नाही. अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूनं इंग्रजी आठचा आकडा काढलात, पोरीला एका पायावर त्यावरून जायला सांगितलंत आणि ह्यांना उकिडवं बसवलंत, चाक रेघ कुठं सोडतंय ते बघायला. दुसऱ्या वळणाला ह्यांचा आवाज बंद. मग म्हणालात, बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत १९९० पर्यंत असेच आकडे गिरवावे लागत आणि परीक्षक वाकून ओरखडे तपासत.

सासूबाईंना मात्र तुम्ही सांगितलेल्या मॅज सायर्स नावाच्या स्केटर बाईनं जिंकलं. १८९६ ला सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात चारच पुरुष. बायकांना मनाई आहे असं नियमात लिहायचं राहूनच गेलं होतं. १९०२ ला लंडनमध्ये ही बाई सरळ पुरुषांत उतरली आणि दुसरी आली! पुढं बायकांना बंदी झाली, मग १९०६ ला त्यांची वेगळी स्पर्धा, आणि तिथं हीच पहिली. सासूबाई हे आता भजनी मंडळात सांगतात, थोडं तिखटमीठ लावून. त्या १९०२ ला पहिला आलेला उलरिक साल्को, त्याच्या नावाची उडी आमची पोर मारते.

स्केटिंगचे प्रकारही तुमच्यामुळंच कळले. जोडीत मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. आइस डान्समध्ये ते चालत नाही, तिथं पावलं आणि ताल. हे ऐकल्यावर ह्यांनी लगेच निकाल दिला, "आमची एकटीच खेळंल."

आता ती ॲक्सेल नावाच्या उडीच्या मागं लागलीय. पुढं तोंड करून उडायचं, म्हणून अर्धी गिरकी जादा. कोपरं सोललीत, पण ऐकत नाही. रविवारी सकाळी रिंकवर या की. सासूबाईही येतो म्हणतात.

आपली,
पोरीची आई, टिळकवाडी